चंद्रावरच्या सफरीची कागदपत्रे

पॅरिसच्या 'स्टार फिल्म' कंपनीने १९०२ साली आपल्या विक्रीच्या यादीत एका नव्या चित्रपटाला एकदम तेरा क्रमांक दिले : ३९९ ते ४११. चित्रपट होता जॉर्ज मेलियेसचा 'ल व्हॉयाज दां ला ल्यून', म्हणजे चंद्रावरची सफर. या यादीत साधारण वीस मीटर फिल्मला एक क्रमांक पडे. तेराला वीसने गुणले की २६० मीटर होतात, आणि चित्रपटाची लांबी तेवढीच होती. इंग्रजी यादीत ती ८४५ फूट अशी छापली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सगळ्या मिळून १३,५२०. शंभराहून अधिक वर्षांनी या चित्रपटाच्या रंगीत प्रतीचा जीर्णोद्धार झाला तेव्हा १३,३७५ फ्रेमवर काम झाले. दोन आकड्यांत दीडशेहून कमी फ्रेमचा फरक आहे, आणि पडद्यावर तो दहाएक सेकंदांचा भरतो. विक्रीच्या यादीचा कागद आणि प्रत्यक्ष फिल्म एकमेकांची इतकी साक्ष देतात, असे मूकपटांच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडते.

हा हिशेब आरंभीच मांडण्याला कारण आहे. चंद्राच्या डोळ्यात रुतलेला तोफगोळा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, भित्तिपत्रकांवर, महोत्सवांच्या बोधचिन्हांत ते चित्र सर्वत्र आहे. त्या एका चित्रामुळे या चित्रपटाविषयी एक समज पक्का झाला : सिनेमाच्या बाळपणातली ही गोड, भाबडी करामत, मेलियेस हा मनाने जादूगार, त्याला कॅमेरा म्हणजे नवे खेळणे मिळाले. कागदपत्रे आणि प्रती शेजारी ठेवून पाहिल्या की हा समज टिकत नाही. जे भाबडे वाटते ते बहुतेक सारे मोजून-मापून, पैसा ओतून आणि कात्री चालवून केलेले आहे.

साधने दोन प्रकारची आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. पहिला प्रकार चित्रपटाच्या काळातला : कंपनीच्या याद्या, किमती, रेखाटने, छायाचित्रे आणि स्वतः प्रती. दुसरा प्रकार आठवणींचा. १९३० मध्ये मेलियेसने एका पत्रात या चित्रपटाची जन्मकथा लिहिली. तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, कंपनी बुडून बरीच वर्षे लोटली होती आणि नव्या पिढीचे पत्रकार त्याला नुकतेच पुन्हा शोधून काढत होते. त्या पत्रातली माहिती अमोल आहे, पण ती अठ्ठावीस वर्षांनंतरची आहे. या दोहोंच्या मधोमध एक तिसरे साधन येते : १९०७ मध्ये छायाचित्रणाच्या एका वार्षिकात मेलियेसने लिहिलेला 'चलत्‌चित्रे' या विषयावरचा दीर्घ लेख. तेव्हा तो धंद्यात होता, आणि वाचणारे तांत्रिक जाणकार होते. त्या लेखात तो आठवणी काढण्यापेक्षा काम कसे होते ते सांगतो.

त्या लेखातला स्टुडिओ हा काचेच्या भिंती आणि काचेचे छप्पर असलेला मंडप आहे. पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रय इथे आपल्या घराच्या बागेत मेलियेसने तो १८९७ मध्ये बांधला. आत नाटकाच्या रंगमंचासारखा मंच होता, खाली तळघर, वर पडदे ओढायच्या दोऱ्या. नेपथ्य आणि सामान राखाडी रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवावे लागे, कारण त्या काळची फिल्म रंगांना विचित्र प्रतिसाद देई : निळा पांढरट पडे, तांबडा आणि पिवळा काळा होई. प्रेक्षकाला जो चंद्र, जी विवरे, जो खवळलेला ज्वालामुखी दिसतो तो सारा असा करड्या रंगात रंगवलेला पडदा आहे. तो पडदा खोटा दिसतो ही तक्रार मला कधीच पटली नाही. दृष्टिभ्रम कितपत हवा हे इथे चित्रकाराने आधी ठरवले आहे. चंद्राच्या पृष्ठभागामागून पृथ्वी उगवते तो प्रसंग पाहावा. पुढचे सुळके स्पष्ट, त्यामागचे फिकट, आणि सगळ्यांच्या मागे पृथ्वीचा गोळा संथपणे वर सरकतो. एकाच मंचावर तीन-चार पातळ्यांची खोली उभी राहते, आणि त्यासाठी कॅमेरा तसूभरही हलत नाही.

चित्रीकरण १९०२ च्या मे महिन्यात सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालले. पत्रात मेलियेस तीन महिन्यांचे काम आणि सुमारे १०,००० फ्रँक खर्च सांगतो. चंद्रवासीयांचे, म्हणजे सेलेनाइटांचे पोशाख सर्वांत महाग पडले. त्यांची डोकी, गुडघे, पाय पुठ्ठ्याचे होते. मेलियेसने आधी मातीचे नमुने स्वतः घडवले, त्यावरून साचे काढले, आणि साच्यांवर पुठ्ठ्याचे अवयव बनवून घेतले. त्या पोशाखांत कोलांट्या उड्या मारणारे 'फोली बेर्झेर'चे कसरतपटू होते. तोफेत गोळा ढकलणाऱ्या खलाशी पोरी 'शातले' नाट्यगृहाच्या बॅलेतल्या. अर्धचंद्रावर बसलेली फीबी म्हणजे ब्लूएत बेर्नों. आणि मोहिमेचा म्होरक्या, प्राध्यापक बार्बनफुई, स्वतः मेलियेस.

यादीत या चित्रपटाचे तीस प्रवेश क्रमाने दिले आहेत. खगोल मंडळाची सभा, मोहिमेची आखणी, कारखान्यात गोळ्याची घडण, धुराड्यांच्या रांगेत तोफेचे ओतकाम, गोळ्यात शिरणे, तोफ भरणे, ध्वजवंदना आणि बार, अशी ती यादी सरळ पुढे जाते. चित्रपटात अक्षरांच्या पाट्या नाहीत. खेळाच्या वेळी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा निवेदक असे, वाद्ये असत. तीस प्रवेशांची ही यादी विकणाऱ्याच्या कामाची होती, तशीच निवेदकाच्याही कामाची. आज आपण हा चित्रपट नि:शब्द पाहतो आणि पात्रांचे हातवारे फार मोठे वाटतात, तेव्हा त्या हातवाऱ्यांसोबत एक माणूस बोलत होता हे ध्यानात ठेवावे लागते.

यादीतला नववा आणि दहावा प्रवेश हा माझ्या दृष्टीने सगळ्या चित्रपटाचा गाभा आहे. आठव्यात चंद्र जवळ येतो. नवव्यात गोळा थेट डोळ्यात. दहाव्यात गोळा चंद्रावर येऊन पडतो आणि क्षितिजावर पृथ्वी दिसते. म्हणजे गोळा दोनदा उतरतो : एकदा आकाशातून पाहिलेल्या मुखड्यावर, आणि लगेच पुन्हा चंद्राच्या जमिनीवर. बऱ्याच प्रेक्षकांना ही चूक वाटते. मेलियेसला संकलन कळत नव्हते, वेळेचा धागा कसा जोडायचा हे ठाऊक नव्हते, असे सांगितले जाते. पण छापील यादीत दोन्ही प्रवेशांना आपापले स्वतंत्र स्थान आहे. प्रती विकल्या जाण्याच्या आधीच हा क्रम ठरलेला आहे, ती नजरचूक असू शकत नाही. एकच घटना दोन ठिकाणांहून, एकामागून एक दाखवणे ही त्या काळची कथनाची मान्य रीत होती. एडविन पोर्टरच्या १९०३ च्या 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन'मध्ये आगीतून केलेली सुटका आधी खोलीच्या आतून आणि मग तीच सबंध बाहेरून दिसते. त्या चित्रपटाची एक प्रत अशी फिरत होती की तिच्यात आतली आणि बाहेरची दृश्ये आलटून-पालटून जोडलेली होती. आधुनिक संकलनाचा जन्म म्हणून ती प्रत बराच काळ दाखवली गेली. पुढे अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात कॉपीराइटसाठी जमा केलेली कागदी प्रत तपासल्यावर कळले की मूळ क्रम आधी आत, मग बाहेर असाच होता. कुणीतरी नंतरच्या काळाच्या सवयीप्रमाणे चित्रपट 'दुरुस्त' केला होता. मेलियेसच्या दुहेरी उतरण्याला चूक म्हणणारेही मनातल्या मनात तीच दुरुस्ती करत असतात.

डोळ्यात रुतण्याचा क्षण पुन:पुन्हा थांबवून पाहावा असा आहे. चंद्र जवळ येतो तो कॅमेरा पुढे गेल्यामुळे नव्हे. कॅमेरा जागेवर ठेवून वस्तूच त्याच्याकडे सरकवायची, ही युक्ती मेलियेसने रबरी डोक्याच्या माणसाच्या चित्रपटात वापरली होती. तीच इथे आहे. गोळा मात्र येताना दिसतच नाही. एका फ्रेममध्ये डोळा रिकामा आहे, पुढच्या फ्रेममध्ये गोळा आत आहे. हवेतून वेगाने आलेला गोळा आपण पाहिला असे प्रेक्षक शपथेवर सांगतील, पण तो प्रवास फिल्मवर नाही.

इथे मेलियेसच्या प्रसिद्ध दंतकथेकडे वळावे लागते. १९०७ च्या लेखात तो सांगतो की आरंभीच्या दिवसांत ऑपेरा चौकात चित्रीकरण करताना कॅमेरा अडकला, मिनिटभराने पुन्हा सुरू झाला, आणि फिल्म पाहताना बसगाडीची प्रेतगाडी झालेली आणि पुरुषांच्या बायका झालेल्या दिसल्या. कॅमेरा थांबवून वस्तू बदलायची युक्ती त्याला अशी सापडली. गोष्ट सुरेख आहे आणि शेकडो पुस्तकांत आली आहे. पण अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच राणी मेरीच्या शिरच्छेदाच्या चित्रपटात ही युक्ती वापरली होती. आणि त्याहून मोठा पुरावा खुद्द मेलियेसच्या फिल्ममध्ये आहे. झाक मालथेत या अभ्यासकाने शिल्लक प्रती फ्रेम-फ्रेम तपासल्या, तेव्हा जिथे जिथे वस्तू बदलते तिथे तिथे फिल्म कापून जोडल्याच्या खुणा आढळल्या. कॅमेरा थांबताना आणि पुन्हा चालू होताना काही फ्रेम वाया जातात, हालचाल तुटते. मेलियेस त्या फ्रेम कापून टाके आणि आधीच्या हालचालीला पुढची हालचाल नेमकी जुळेल अशा जागी जोड देई.

या शोधाने चित्रपटाचे सारे रूप पालटते. भूगर्भातल्या गुहेत शास्त्रज्ञ छत्रीचा फटका मारतो आणि सेलेनाइट धुराचा लोट होऊन नाहीसा होतो. त्या फटक्याची लय पाहा : छत्री उगारली जाते, खाली येते, आणि ती टेकते त्याच क्षणी धूर. छत्री फ्रेमभर आधी वा नंतर टेकली असती तर विनोद मेला असता. तो नेम अभिनेत्याचा नाही, कात्री धरलेल्या हाताचा आहे. मेलियेसने संकलन वापरले नाही हे वाक्य म्हणूनच उलटे करावे लागते. त्याने ते सतत वापरले, पण प्रेक्षकाला कळू नये म्हणून. ज्या जोडाने पुढे सिनेमाची भाषा घडली तो दिसणारा जोड होता. मेलियेसचा न दिसणारा होता. आपल्या कारागिरीचे रहस्य राखण्यासाठी जादूगाराने अडकलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली असेल, तर त्याच्या मूळ धंद्याशी ते सुसंगतच होते.

कल्पना कुठून आली या प्रश्नावर पत्र ज्यूल व्हर्नच्या कादंबरीकडे बोट दाखवते. तोफ आणि गोळा खरोखर तिथलेच आहेत. पण व्हर्नचे प्रवासी चंद्रावर उतरत नाहीत, त्याला वळसा घालून परततात. चंद्राच्या पोटातले जग आणि किड्यांसारखे सेलेनाइट एच. जी. वेल्सच्या १९०१ च्या कादंबरीच्या जवळ जातात. हिमवर्षावाचा प्रवेश ऑफेनबाखच्या १८७५ च्या चंद्र-संगीतिकेतल्या हिमकणांच्या बॅलेची आठवण देतो. मेलियेस रंगभूमीचा माणूस, त्याला ते सारे जवळचे होते.

आता रंग. याद्यांत कृष्णधवल प्रतीची किंमत ५६० फ्रँक आहे आणि हाताने रंगवलेल्या प्रतीची १,००० फ्रँक. म्हणजे रंग हा या चित्रपटाचा नंतर चढवलेला साज नव्हता, पहिल्यापासून विकायला ठेवलेले त्याचे दुसरे रूप होते. रंगकाम पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिये या बाईंच्या कारखान्यात होई. त्यांनी १९२९ मध्ये दिलेल्या मुलाखतीत आपल्या हाताखालच्या दोनशेहून अधिक स्त्रियांचा उल्लेख आहे. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने तांबडा भरून रीळ पुढे सरकवायचे, दुसरीने हिरवा. बोटाच्या पेराएवढ्या फ्रेममध्ये बारीक कुंचल्याने, तेरा हजारांहून अधिक वेळा. कुठे कोणता रंग जाईल हे बाई रात्री बसून ठरवत. या स्त्रियांची नावे कुठल्याही यादीत छापलेली नाहीत. सेलेनाइटांचे हिरवे अंग, फीबीभोवतीची झळाळी, धुराचा गुलाबी-पिवळा लोट ही त्यांची निर्मिती आहे, आणि मेलियेसच्या नावाशेजारी थुइलियेबाईंचे नाव दरवेळी घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

अशी एक रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात कातालोनियाच्या फिल्म संग्रहालयाकडे आली. नायट्रेट फिल्मचे वेटोळे चिकटून दगडासारखे घट्ट झाले होते. १९९९ मध्ये पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सचे सर्ज ब्रॉमबर्ग आणि एरिक लांज यांनी ते घेतले. बंद भांड्यात रसायनांच्या वाफेने ते मऊ करत, एकेक फ्रेम सोडवत, तिचे छायाचित्र घेत दोन वर्षे गेली. कित्येक फ्रेमचे तुकडे झाले होते. संगणकावर ते जोडण्याइतके तंत्र पुढे यायला २०१० उजाडले. जिथे रंगीत प्रत हरवली होती तिथे मेलियेसच्या कुटुंबाकडच्या कृष्णधवल प्रतीवरून जागा भरल्या. ११ मे २०११ रोजी कान महोत्सवात चित्रपट रंगांत दिसला.

या प्रतीने एक छोटी, पण इतिहासकाराला हरखून टाकणारी गोष्ट हाती दिली. यादीतल्या सातव्या प्रवेशात तोफेचा बार आणि ध्वजवंदना आहे. चित्रपट फ्रेंच, मंडळी फ्रेंच. पण या प्रतीत फडकणारा ध्वज तांबडा-पिवळा-तांबडा रंगवलेला आहे. तो स्पेनचा ध्वज आहे. ही प्रत स्पेनमधल्या कुणा खेळवाल्यासाठी रंगवली गेली असावी असा तर्क त्यावरून निघतो, आणि प्रत बार्सिलोनातच सापडली या गोष्टीने त्याला बळ मिळते. गिऱ्हाईक पाहून ध्वज बदलला जात होता. म्हणजे १९०० च्या दशकातल्या प्रेक्षकांनी एकच 'चंद्रावरची सफर' पाहिली नाही. गावागणिक, प्रतीगणिक ती थोडी वेगळी होती.

शेवटाचीही कथा अशीच आहे. बऱ्याच प्रतींमध्ये चित्रपट पंचविसाव्या प्रवेशाशी संपतो : गोळा समुद्रात पडतो, जहाज त्याला ओढून बंदरात आणते. यादी मात्र पुढचे पाच प्रवेश सांगत राहिली. मिरवणूक, वीरांचा सन्मान, खलाशी आणि अग्निशामकांचे संचलन, पुतळ्याचे अनावरण, जल्लोष. अधिक पूर्ण प्रत मिळाल्यावर ते दृश्यही पाहता आले. गोळ्याला लटकून पृथ्वीवर आलेला एक सेलेनाइट तिथे बंदिवान म्हणून गर्दीपुढे आणला जातो, आणि त्याला मारून नाचायला लावतात. पुतळ्याखाली श्रमाचा जयजयकार करणारी लॅटिन उक्ती कोरलेली आहे, आणि पुतळा आहे चंद्राच्या डोक्यावर पाय रोवून उभ्या असलेल्या शास्त्रज्ञाचा. जादूगाराच्या टोप्या घालून आलेले विद्वान परक्या भूमीवर पाय ठेवतात, भेटेल त्या रहिवाशाला छत्रीने उडवतात, राजाला आपटून मारतात, पळून येतात आणि पदके मिळवतात. हा शेवट गाळला की उरते निव्वळ साहस. तो असला की साम्राज्यांच्या ऐन भरात साम्राज्याची केलेली कठोर थट्टा दिसते. मेलियेस तरुणपणी राजकीय व्यंग्यचित्रे काढत असे, तेव्हा हे वाचन ओढूनताणून आणलेले नाही.

चित्रपट १ सप्टेंबर १९०२ पासून मेलियेसच्या रॉबेर-उदँ नाट्यगृहात दाखवला गेला. मेलियेस सांगतो की किंमत ऐकून जत्रांतले खेळवाले मागे सरले, तेव्हा त्याने एकाला फुकट प्रत देऊन पहिला खेळ लावायला सांगितले आणि गर्दी लोटली. ही आठवण आहे, ती तेवढ्याच वजनाची धरावी. अमेरिकेतल्या चोरीला मात्र भरपूर पुरावा आहे : एडिसन, ल्युबिन यांच्या कंपन्यांनी नकलप्रती काढून विकल्या. त्या विक्रीतून मेलियेसला पैसा मिळाला नाही. १९०३ मध्ये त्याचा भाऊ गास्तों न्यूयॉर्कला गेला, तिथे शाखा उघडली, आणि पुढच्या चित्रपटांच्या नेपथ्यात कंपनीचा तारा रंगवला जाऊ लागला. या चोरीचा परिणाम आजच्या पाहण्यावरही आहे. नकलेवरून नक्कल काढलेल्या धूसर प्रती वर्षानुवर्षे दाखवल्या गेल्या, त्याही आवाजी चित्रपटाच्या वेगाने. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर हा चित्रपट सव्वानऊ मिनिटांत संपतो आणि माणसे तुरुतुरु पळतात. चौदा धरल्या तर तो सोळा मिनिटांचा होतो आणि माणसे माणसांसारखी चालतात. भाबडेपणाचा बराचसा आरोप खरे तर प्रोजेक्टरवर करायला हवा.

मेलियेसने पाचशेच्या वर चित्रपट केले. त्यांतले दोनशेच्या आसपास टिकले. १९२३ मध्ये मोंत्रय सोडताना त्याने आपल्या निगेटिव्ह स्वतः जाळल्या. नंतर मोंपार्नास स्थानकात खेळण्यांचे दुकान, १६ डिसेंबर १९२९ चा सन्मान-सोहळा, ओर्लीचा वृद्धाश्रम, आणि २१ जानेवारी १९३८ ला मृत्यू. त्याची नात मादलेन मालथेत-मेलियेस हिने आयुष्यभर जगभरातून प्रती गोळा केल्या नसत्या, तर वर सांगितलेली जोडांची तपासणी करायला फिल्मच हाती नसती.

मराठी वाचकाला इथे दादासाहेब फाळके आठवणारच. त्यांनीही 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग केले होते, त्यांनीही १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात आपल्या कामाविषयी स्वतः लिहिले, आणि 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा चित्रपटही केला. मी दोघांत गुरु-शिष्याचे नाते जोडत नाही. साम्य साधनांच्या अवस्थेत आहे. ३ मे १९१३ ला मुंबईत लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे रीळ मिळून १,४७५ फूट आहेत, आणि ती रिळे १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, हा अभ्यासकांमधला वाद आहे. ज्या येशूच्या चित्रपटावरून फाळके या धंद्याकडे वळले तो त्यांनी केव्हा पाहिला याबाबतही जुन्या चरित्रांत १९१० चा नाताळ येतो, तर नव्या संशोधनात १९११ चा ईस्टर. हरिश्चंद्राच्या रिळातही ज्वाळांत देवता प्रकटतात, माणसे अदृश्य होतात, आणि अशा प्रत्येक जागी कुठेतरी कात्रीची खूण असणार. मालथेत यांनी मेलियेसबाबत केली तशी फ्रेम-फ्रेम मोजणी, जोडांच्या जागांसह आणि जाहिरातींतल्या लांबीशी ताडून, फाळक्यांच्या प्रत्येक शिल्लक रिळाची मराठीत छापून यावी. त्या कामाला परकी फिल्म लागत नाही, पुण्यातली लागते.